न विझणारा दिवा : वायुबाधेच्या उपचाराचा इतिहास

बंद पेवात अथवा पडीक विहिरीत उतरण्यापूर्वी दोरास बांधून दिवा आत सोडण्याची रीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जुनी आहे. पेवातील धान्याच्या श्वसनाने प्राणवायू खर्ची पडतो व कार्बन डायऑक्साइड साठतो. प्राणवायूचे प्रमाण शेकडा १७ च्या आसपास उतरले की ज्योत मालवते आणि माणूस सावध होतो. ही परीक्षा अनुभवसिद्ध आहे; मात्र तिचे क्षेत्र मर्यादित आहे.

पाण्याची पातळी खोल गेल्यावर तेलाचे इंजिन विहिरीच्या आतच टप्प्यावर बसविण्याची सोय कोठे कोठे करण्यात आली. त्याच्या धुरात, तसेच बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीत, निराळेच विष निर्माण होते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हवेच्या हजार भागांत त्याचे तीन भाग असले तर अर्ध्या तासाच्या सुमारास प्राण जाऊ शकतो. दिवा मात्र जळतच राहतो.

हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, हे क्लोद बर्नार यांनी १८५७ च्या सुमारास दाखविले. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९५ मध्ये तो स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदविले व खाणींत लहान प्राण्यांकरवी परीक्षा करण्याचे सुचविले. उपचाराचे तत्त्वही यातूनच निघाले. साध्या हवेत रक्तातील विष निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूत सुमारे सव्वा तास. ग्लासगो येथे १९६० मध्ये दुप्पट दाबाखाली प्राणवायू देऊन हा अवधी आणखी कमी करण्यात आला.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे; जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. तथापि पहिली काही मिनिटे शेजाऱ्यांचीच असतात, आणि आत पडलेल्यास काढण्यासाठी उतरणारा दुसरा मनुष्यही तेथेच कोसळतो. यास्तव इंजिन बंद करणे, दोराविना न उतरणे व रुग्णास मोकळ्या हवेत आणणे हाच आद्य उपचार होय.

वैद्यानेही गाफील राहू नये. बोटास लावण्याचे सामान्य ऑक्सिमीटर या विषाने व्यापलेले हिमोग्लोबिन प्राणवायूयुक्त समजते व आकडा समाधानकारक दाखविते. साधन बदलले, फसगत तीच राहिली. म्हणून येथे केवळ खुणेवर विसंबून चालत नाही. घटनास्थळाची चौकशी करावी आणि संशय येताच, रक्ततपासणीची वाट न पाहता, प्राणवायू सुरू करावा.