ख्रिस्ती समेट
माणसामाणसांतील दुरावा मिटवून नाते पुन्हा जोडण्याची ख्रिस्ती धर्मातील संकल्पना. वेदीवर अर्पण ठेवण्याआधी दुखावलेल्या भावाशी समेट करावा, ही मत्तयच्या शुभवर्तमानातील (अध्याय ५) शिकवण तिचा एक आधार.

कर्नाटकातील बीदर-कलबुर्गी भागात या संकल्पनेचा कस पंथभेदावर लागला. येथे अमेरिकन मेथडिस्ट मिशन रुजले. पुढे देशात पंथ एकत्र येऊ लागले: १९४७ मध्ये अँग्लिकन, ब्रिटिश मेथडिस्ट आदींचे मिळून ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ झाले. १९७० मध्ये नागपुरात सहा मंडळ्यांचे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट दोन्हींबाहेर राहिले.

महाराष्ट्रात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी पंथांच्या या एकीकरणाआधीच त्याहून पुढचे पाऊल टाकले होते. १९१७ मध्ये साताऱ्यात त्यांनी स्थापलेल्या ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या संघात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही प्रवेश होता.

दोन्ही संयुक्त चर्चांबाहेर राहिलेले बीदर-कलबुर्गीचे मेथडिस्ट १९८१ पासून स्वायत्त ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’त आहेत.