एचआयव्हीसह जगणारे किशोरवयीन विद्यार्थी : डहाणू व तलासरी

एचआयव्हीची लागण असलेल्या, बहुतेक वेळा ती जन्मापासूनच असलेल्या मुलामुलींना शाळेत टिकवून धरणारी व्यवस्था. भारतात एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी, औषधे सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. मुलांसाठीचा वेगळा उपक्रम २००६ मध्ये आला. त्याआधी जन्मतः लागण झालेली कितीतरी मुले शाळेचे वय गाठण्याआधीच दगावत. आज तशी मुले दहावीला बसतात.

डहाणू व तलासरी हे पालघर जिल्ह्याचे गुजरातला लागून असलेले आदिवासी तालुके. भातकापणी उरकली की अनेक वारली, कोकणा कुटुंबे वीटभट्टीवर किंवा वापी-उंबरगावकडे कामाला जातात आणि मुले आश्रमशाळेत राहतात. त्यामुळे गोळी देणारा हात घरचा नसतो. साधारण ३० किलोंवरच्या मुलाला आता बहुधा रोज एकच गोळी पुरते, पण ती चुकवून चालत नाही. खंड पडत गेला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. एकाच खोलीत ओळीने झोपणाऱ्या मुलांत पेटीतली बाटली नुसती खुळखुळली तरी प्रश्न सुरू होतात. मग मूल ‘बरा आहे’ म्हणते आणि गोळी राहते.

२००९ साली लातूर जिल्ह्यातील हासेगावात ‘सेवालय’ या एचआयव्हीबाधित मुलांच्या निवासी संस्थेतील मुलांना गावच्या शाळेत बसू देण्यास पालकांनी विरोध केला होता. तिथे ही मुले कोणती, हे साऱ्या गावाला माहीत होते. आश्रमशाळेतले मूल मात्र शेकडो मुलांत मिसळलेले असते, आणि ते तसेच मिसळलेले राहणे हाच त्याचा मोठा आधार. म्हणून नाव न विचारता होणारी सोय सर्वांत चांगली. सिकलसेल हा रक्ताचा आजारही या पट्ट्यात आढळतो. तो असलेल्या मुलांनाही रोज फॉलिक ॲसिडची गोळी लागते. सगळ्यांची औषधे अधीक्षिकेच्या एकाच कपाटात, एकाच वेळी दिली गेली, तर कोणाची गोळी कशाची याची चर्चा होत नाही. दवाखान्याच्या तारखेला कारण न विचारता रजा मिळावी. दिवाळीच्या नि मेच्या सुट्टीआधी गोळ्या पुरतील ना, हे पाहावे. खेळताना कोणाचेही रक्त निघाले तरी हातमोजे घालूनच जखम धुवावी. मग कोण बाधित, हे ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने वा डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही, हे स्वयंपाकघरातल्या मावशींनाही नीट सांगितलेले असावे.

मुलाला स्वतःला काय झाले आहे, हे वय वाढेल तसे, बारा वर्षांच्या आत सांगून व्हावे. ते काम पालकांचे आणि एआरटी केंद्रातील समुपदेशकाचे. शिक्षकाने ते अंगावर घेऊ नये. वर्गातल्या धड्यातून मुलाला आपला आजार अचानक कळणे फार वाईट.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार प्रवेशासाठी चाचणीची अट घालता येत नाही, संमतीशिवाय स्थिती उघड करता येत नाही आणि लागणीच्या कारणावरून शाळेतून काढता येत नाही. याच कायद्यातील एक तरतूद शाळांच्या कार्यालयात फारशी वाचली जात नाही, आणि आईबाप गमावलेल्या घरांना तीच सर्वांत जास्त लागते : घर सांभाळणारा, पुरेशी समज असलेला १२ ते १८ वर्षांचा भाऊ वा बहीण धाकट्या भावंडाच्या शाळाप्रवेशासाठी पालक ठरू शकते. प्रवेश-अर्जावरची ती सही मुख्याध्यापकांनी ग्राह्य धरली पाहिजे.