पद्य सूत्रधाराचे, भाषण पात्राचे

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्रा ही कारखान्यांची वसाहत आहे. येथील एका शेजाऱ्यांच्या घरी एका रविवारी चारपाच तरुण मेजाभोवती बसून एक खेळ खेळत होते. पत्ते नव्हते, पट नव्हता. चमत्कारिक आकाराचे काही फासे आणि थोडे कागद एवढेच साहित्य. एकाने प्रसंग सांगावा आणि इतरांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलून तो पुढे न्यावा, अशी रीत. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने जो खेळ प्रसिद्ध केला, त्याच्याच वंशातला हा खेळ.

खेळ रंगात आला होता. घोर अरण्यात राक्षसांनी वेढलेला एक वीर एकाएकी म्हणाला, “मी पोलिसांना फोन करतो!” मोठा हशा पिकला, पण हशा ओसरताच पुढे काय बोलावे हे कोणासच सुचेना. अरण्य नाहीसे झाले होते, राक्षस नाहीसे झाले होते; उरले होते ते मेज आणि फासे. खेळ चालविणारा तरुण मात्र रागावला नाही. तो शांतपणे म्हणाला, “फोन येथे नाही. पण तुझ्या कमरेला शिंग आहे. फुंकतोस काय?” शिंग फुंकले गेले आणि अरण्य परत आले.

खेळणाऱ्यास कल्पनेची मोकळीक द्यावी तर कथेची जात बिघडते. न द्यावी तर खेळणारा कळसूत्री बाहुली होतो. हा पेच त्या तरुणांस नवा वाटला असेल. मराठी रंगभूमीस तो नवा नाही. तिचा जन्मच या पेचात झाला आहे.

१८४२ च्या सुमारास उत्तर कानडा प्रांतातील भागवत मंडळी सांगलीस आली. तिचे खेळ पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांस वाटले, की असे खेळ मराठीत, पण अधिक नीटनेटके व्हावेत. ते काम त्यांनी विष्णुदास भाव्यांवर सोपविले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस ‘सीता स्वयंवर’ झाले. हा इतिहास बहुतेकांस ठाऊक असतो. त्या नाटकाची घडण कशी होती, हे मात्र फारसे कोणी आठवीत नाही. कथा सूत्रधार पद्यांतून गाई. पात्रांस भाषणे लिहून दिलेली नसत. पद्य संपले, की पात्राने त्या प्रसंगास शोभेल असे गद्य आपल्या बुद्धीने तेथेच बोलावयाचे. भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ १८८५ साली निघाला, त्याच्या नावातच ही वाटणी दिसते: ग्रंथात आल्या त्या कविता. पात्रांची भाषणे त्या त्या रात्रीबरोबर विरून गेली.

एवढी मोकळीक असून नाटक फुटले का नाही? एक तर पात्रांच्या जाती ठरलेल्या होत्या. देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी असे नटांचे वर्गच असत. राक्षसाने आरोळ्या ठोकाव्या, देवाने गंभीर बोलावे, हे नटास आणि प्रेक्षकास आधीच ठाऊक असे. दुसरे असे, की कथेचा शेवट कोणाच्याही हाती नव्हता. धनुष्य रामच मोडणार. रावणाने कितीही वल्गना केल्या तरी चालत असे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सूत्रधार रंगभूमीवरच उभा असे. भाषण भरकटले, तर पुढचे पद्य उचलण्याची सोय त्याच्या हाती होती.

या शेवटच्या गोष्टीचे मर्म मला पुस्तकांतून कळले नव्हते. ते बंगळुरास ताळमद्दळे ऐकताना कळले. ताळमद्दळे म्हणजे वेषाविना, बैठकीत होणारे यक्षगान. प्रसंग वालीचा होता. बाण लागून पडलेला वाली रामास विचारतो, “तू लपून का मारलेस?” वालीचा अर्थ सांगणारे गृहस्थ असे एकेक प्रश्न घालू लागले, की रामाची बाजू सांगणाऱ्याची पंचाईत झाली. श्रोते वालीच्या बाजूचे झाले. वाद फार लांबला तेव्हा भागवतांनी कोणास थांबविले नाही. त्यांनी हलकेच पुढचे पद सुरू केले. मद्दळे वाजले, आणि वाली नम्र झाला. तो मरणार हे सर्वांस ठाऊक होते. तो काय बोलून मरणार, हे त्या रात्रीपूर्वी कोणासही ठाऊक नव्हते.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या दशावताराने याच पेचास आणखी एक तोड काढली आहे. तेथेही संहिता नसते. पण पूर्वरंगात संकासुरास मालवणीत गावाची, सरकारची, हवी त्याची थट्टा करण्याची मुभा असते. आख्यान सुरू झाले, की देव आणि राजे शुद्ध मराठीत बोलू लागतात. म्हणजे पोलिसांच्या फोनासही जागा आहे. फक्त ती उंबरठ्याच्या अलीकडे आहे.

भाव्यांची रीत शहरांतून मात्र टिकली नाही. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिले, आणि लिहिलेल्या संवादांची ‘बुकिश’ नाटके सुरू झाली. सुशिक्षित प्रेक्षकास राक्षसांची तीच ती ‘अललडुर्र’ नकोशी झाली होती, आणि त्यात त्याची चूक नव्हती. मोकळीक दिलेल्या नटाने रोज तीच आरोळी ठोकली, तर त्या मोकळिकीस अर्थ काय? पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यास झाले. आता पात्रे स्वतः गाऊ लागली, आणि सूत्रधार प्रस्तावना आटोपून आत गेला. गाणे सूत्रधाराकडून नटाकडे आले. पण भाषण नटाकडून लेखकाकडे गेले. या देवघेवीत आपला तोटाच झाला असे म्हणवत नाही. तिच्यावाचून देवलांची ‘शारदा’ झाली नसती. परंतु दुसऱ्याचे बोलणे ऐकून तेथल्या तेथे शोभेलसे उत्तर देण्याची एक विद्या आपण त्यात गमावली, हेही तितकेच खरे.

ज्या कानडी मुलखातून ती विद्या आपल्याकडे आली, तेथे ती अजून नांदते आहे. आपण येथे नोकरीनिमित्त राहतो, येथील भाषा बाजारापुरती शिकतो आणि नाटक म्हटले, की पुण्यामुंबईकडे डोळे लावतो. आपल्या रंगभूमीचे आजोळ शेजारच्या सभागृहात रात्रभर बोलत असते, याचा मात्र आपणांस पत्ता नसतो.

त्या तरुणास मी भाव्यांची गोष्ट सांगितली. त्याने ती लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, “मग सूत्रधार स्वतः किती बोलत असे?” प्रश्न नेमका होता. मी म्हणालो, “पद्यापुरता. बाकीचा वेळ तो ऐकत असे.”