वंशावळीत न दिसलेला दोष

1862 साली स्कॉटलंडमध्ये बिनशिंगी गुरांची पहिली वंशनोंदवही निघाली. अ‍ॅबर्डीनशायर आणि अँगस या भागांतली ही काळी, भरदार मांसाची गुरे. कीलरच्या ह्यू वॉटसनने या अँगस जातीचा पाया घातला. वहीत पहिल्या क्रमांकावर त्याचाच ‘ओल्ड जॉक’ हा वळू आहे, तर त्याची ‘ओल्ड ग्रॅनी’ ही गाय 35 वर्षे जगली आणि तिला 29 वासरे झाली, असे सांगतात. वळूची पारख डोळ्यांनी व्हायची: पाठ सरळ, मांड्या भरलेल्या, पाय दणकट. मनात भरलेल्या वळूला त्याच्याच लेकी-नाती दाखवायला पैदासकार कचरत नसत. गुण पक्का करण्याची तीच रीत होती. गुणाबरोबर एखादा लपलेला दोषही त्याच वाटेने पक्का होऊ शकतो, हे त्या डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते.

एकोणिसाव्या शतकातच ही गुरे न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या कुरणांत पोहोचली. तिथल्या काही कळपांत अधूनमधून एक विचित्र वासरू निघे. जन्मताना ठीकठाक दिसणारे हे वासरू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बिघडू लागे. मान हलकीशी थरथरे, चाल लटपटे, अंग धरत नसे, उगाच अंगावर धावून येई. बहुतेक वासरे वर्षाच्या आत दगावत. 1957 साली व्हिटेम आणि वॉकर यांनी अशा वासरांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशी फुगलेल्या, पोकळ्यापोकळ्यांनी भरलेल्या. चरबी साचण्याच्या रोगासारखे चित्र, पण चरबी मात्र नाही. म्हणून त्यांनी ‘स्यूडोलिपिडोसिस’ हे नाव वापरले. मग पोकळ्यांत होते तरी काय?

त्याचे उत्तर गोठ्यात नव्हे, बेल्जियममधल्या लूवाँ विद्यापीठात तयार होत होते. तिथे क्रिस्तियाँ द द्यूव उंदराच्या यकृतावर काम करत होते. विषय होता इन्शुलिनचा. 1949 मध्ये एका विकराचे (एन्झाइमचे) मोजमाप घेताना ते अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढे भरले. तोच नमुना पाच दिवस शीतपेटीत राहिल्यावर पुन्हा मोजला, तर आकडा जागेवर आलेला! विकर कुठे गेलेच नव्हते. पेशीतल्या एका पातळ पिशवीत ते बंद होते आणि पिशवी फुटल्यावर बाहेर आले होते. 1955 मध्ये त्या पिशवीला ‘लायसोसोम’ नाव मिळाले. शाळेच्या पुस्तकातली लयकारिका ती हीच. पेशीत जे जुने, मोडके, बाहेरून गिळलेले येते, त्याचे तुकडे इथे पडतात.

एखादे विकर जन्मतःच नसेल तर? 1963 मध्ये लूवाँमध्येच एच. जी. हेर्स यांनी हा धागा पकडला. डच डॉक्टर योहान्स पोम्पे यांनी 1932 मध्ये एका तान्ह्या बाळाच्या हृदयात ग्लायकोजेनचा प्रचंड साठा पाहिला होता. त्यांनी वर्णिलेल्या रोगात लयकारिकेतले एकच विकर नसते आणि म्हणून माल न तुटता साचत जातो, हे हेर्स यांनी दाखवले. 1967 मध्ये स्वीडनच्या ओकरमन यांनी मॅनोज साखरेच्या साखळ्या साचण्याचा असाच एक रोग, मॅनोसिडोसिस, माणसात नोंदवला.

आता अँगस वासरांचे कोडे सुटायला वेळ लागला नाही. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात हॉकिंग, जॉली आणि बॅट यांनी 1972 मध्ये सिद्ध केले की या वासरांत अल्फा-मॅनोसिडेज हे विकर जवळपास नाहीच. पोकळ्या म्हणजे मॅनोजयुक्त साखळ्यांनी तट्ट फुगलेल्या लयकारिका होत्या.

खरी कमाल पुढे झाली. वासरू आजारी पडायला आई-बाप दोघेही दोषाचे वाहक असावे लागतात, आणि तरीही चारांत सरासरी एकच वासरू आजारी निघते. वाहक वळू स्वतः धडधाकट असतो, प्रदर्शनात बक्षीसही मारतो. पण दोनपैकी एकच जनुक चालू असल्याने त्याच्या रक्तात हे विकर साधारण निम्मेच असते. 1973 मध्ये जॉली आणि सहकाऱ्यांनी रक्तद्रवातला हा निम्मेपणा मोजून वाहक ओळखण्याची पद्धत मांडली. पैदासकारांच्या नोंदणीकृत कळपांपासून तपासण्या सुरू झाल्या आणि वाहक वळू पैदाशीतून बाजूला निघू लागले. जनावरांतल्या आनुवंशिक रोगाला कळपाच्या पातळीवर आवर घालण्याचा हा नमुना ठरला. 1997 मध्ये दोषी जनुकातला नेमका बदल हाती लागला आणि चाचणी थेट डीएनएवर आली.

याच विकराने ऑस्ट्रेलियातले आणखी एक जुने दुखणे उलगडले. स्वेनसोना ही शेंगावर्गीय रानवनस्पती चरून गुरे-मेंढ्या वेड्यासारख्या वागतात, हे तिथल्या पशुपालकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मर्डॉक विद्यापीठातल्या डॉर्लिंग आणि हक्स्टेबल यांच्या गटाने 1978 मध्ये दाखवले की ही वनस्पती अल्फा-मॅनोसिडेजच अडवते. जनुक शाबूत असूनही रोग तोच, फक्त चाऱ्यातून आलेला.

पोम्पेचा रोगही गुरांत सापडला. क्वीन्सलँडच्या ब्राह्मन गुरांत त्याची नोंद 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला झाली. ब्राह्मन ही अमेरिकेत घडवलेली जात, पण रक्त भारतीय: गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली. 2000 साली या रोगामागचे जनुकीय बदल ऑस्ट्रेलियात शोधले गेले. तिथल्या पैदासकारांना आता वशिंड, कातडी आणि वजनाबरोबर वळूचा पोम्पे-चाचणीचा निकालही पाहता येतो. अँगस वळूंच्या वंशनोंदींतही नावापुढे ‘एमएएफ’ अशी अक्षरे दिसतात; मॅनोसिडोसिसमुक्त, एवढाच त्यांचा अर्थ.