एकपार्श्वी दुर्लक्ष

मेंदूच्या एका गोलार्धाला इजा झाल्यावर विरुद्ध बाजूच्या अवकाशाचे भान हरपणे. बहुतांश रुग्णांत इजा उजव्या गोलार्धाच्या परायटल भागात व त्याच्या आसपास असते आणि डावी बाजू हरवते. उजवा गोलार्ध दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो, डावा मुख्यतः उजवीवर. म्हणून उजव्याची हानी जास्त भोवते, असे मानले जाते. मेंदूच्या मधल्या धमनीत गुठळी अडकून होणारा पक्षाघात हे नेहमीचे कारण.

परभणी, जिंतूर, सेलूकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून दवाखान्यात आणलेल्या रुग्णाचा लुळा हात सगळ्यांना दिसतो. हे दुर्लक्ष सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. रुग्ण ताटातली उजवीकडची भाजी संपवतो, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच ठेवतो आणि ती वाढलीच नाही म्हणतो. ताट फिरवून दिले की तीच कोशिंबीर खातो. दाढी अर्धीच होते, सदऱ्याची डावी बाही लोंबत राहते. नजर पुष्कळदा शाबूत असते. याला हट्ट किंवा म्हातारचळ ठरवणे हा रुग्णावर उघड अन्याय आहे.

हरवलेली बाजू कल्पनेतही हरवते, हे एदोआर्दो बिझियाक व क्लाउदियो लुझ्झात्ती यांनी १९७८ मध्ये दाखवले. मिलानच्या दोन रुग्णांना त्यांनी शहरातला ओळखीचा कॅथेड्रल चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितले. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत असे कल्पून रुग्णांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग कॅथेड्रलच्या दाराशी उभे राहून उलट पाहायला सांगताच आधी गाळलेल्या इमारती आल्या आणि सांगितलेल्या गळल्या. आठवण शाबूत होती. ती मनापुढे मांडताना डावी बाजू सुटत होती.

१९८८ मध्ये जॉन मार्शल व पीटर हॅलिगन यांनी असेच दुर्लक्ष असलेल्या एका स्त्रीला घराची दोन चित्रे दाखवली. एकात डावीकडून ज्वाळा निघत होत्या. तिला दोन्ही घरे सारखीच वाटली, तरी राहायला तिने बहुतेक वेळा न जळणारे घर निवडले. म्हणजे न जाणवलेलेही मेंदूत कुठेतरी पोचत होते.

रेघेचा मध्य काढणे, कागदावरच्या सगळ्या रेघा खोडणे या चाचण्यांना अक्षरओळख लागत नाही. कल्पनेची चाचणी मात्र रुग्णाच्या ओळखीच्या जागेवरच घ्यावी. गंगाखेडच्या माणसाला गोदावरीचा घाट आधी नदीकडे, मग गावाकडे तोंड करून सांगायला लावावा.

काही रुग्णांत हे दुर्लक्ष काही आठवड्यांत ओसरते, काहींत टिकते. डावीकडे मान वळवून शोधण्याचा सराव उपयोगी पडतो. घरच्यांनी रस्ता ओलांडताना रुग्णाच्या डाव्या बाजूने चालावे आणि त्याला दुचाकी चालवू देऊ नये. अशी लक्षणे अचानक दिसली तर १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे नेहमीचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.