तळटीप : ‘भुशासारखा तवंग’

१. भुशासारखा तवंग : लेखकाला मार्चमध्ये अरबी समुद्रावर दिसलेला हा भुसा लाकडाचा नव्हे. त्यातला दोन-तीन मिलिमीटरचा प्रत्येक कण म्हणजे ट्रायकोडेस्मियम या सायनोबॅक्टेरियाच्या तंतूंची जुडी. या दिवसांत वारा पडलेला असतो. वरचे कोमट पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. ऊन भरपूर, पण नायट्रेट जवळपास संपलेले. पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूच वापरता येत असल्याने ट्रायकोडेस्मियमचे फावते. पावसाळ्यात किनाऱ्यालगत तळाकडचे पाणी वर येते, सोबत नायट्रेट आणि सिलिकेट आणते. मग ढगांमुळे उजेड कमी असला तरी चलती असते ती सिलिकाचे कवच बांधणाऱ्या डायटमांची. — संपा.