चाकाला वळायला जागा किती लागते? एका नावामागचा इतिहास

गाडीला रुंद टायर बसवले की पूर्ण स्टिअरिंग कापल्यावर ते आतून घासतात, हे तुम्ही गॅरेजमध्ये ऐकलं असेल. मेकॅनिक मग अलाइनमेंट तपासतो. कॅम्बर बदलला की चाकाचा माथा आत किंवा बाहेर कलतो आणि कास्टर बदलला की चाक मडगार्डच्या पोकळीत पुढेमागे सरकतं. म्हणजे चाकाचा कोन आणि भोवतालची मोकळी जागा हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. हा प्रश्न मोटारीहून जुना आहे.

आपल्या बैलगाडीला किंवा टांग्याला दोनच चाकं, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. युरोपातल्या चारचाकी घोडागाडीचा पुढचा आस मात्र मधल्या एका खिळ्याभोवती अख्खा फिरायचा. वळताना आतल्या बाजूचं चाक थेट गाडीच्या पोटाखाली शिरायचं. त्यावर उपाय दोनच: पुढची चाकं लहान करा, नाहीतर गाडीचा सांगाडा उंच उचला. लहान चाक खड्ड्यात आपटतं, उंच गाडी कलंडते. त्यात आस तिरपा झाला की गाडीचा आधारच अरुंद होतो. प्रवाशाचा जीव अडकलेला होता तो इथे.

म्युनिकचे गाडी बनवणारे गेओर्ग लँकेनस्परगर यांनी वेगळा विचार केला. आस जागेवरच ठेवायचा आणि प्रत्येक चाक त्याच्या टोकाशी स्वतंत्र वळवायचं. आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं, कारण त्याचं वर्तुळ लहान असतं. चाकाला लागणारी जागा एकदम कमी झाली. आता चाक मोठं आणि गाडी बुटकी, दोन्ही जमणार होतं.

इंग्लंडमध्ये १८१८ साली याचं पेटंट निघालं ते रुडॉल्फ ॲकरमन यांच्या नावावर. ते लंडनमधले चित्रांचे प्रकाशक आणि लँकेनस्परगर यांचे प्रतिनिधी. आज पाठ्यपुस्तकात आपण 'ॲकरमन स्टिअरिंग' शिकतो. मजा म्हणजे त्याआधी सुमारे साठ वर्षं इरॅस्मस डार्विन (चार्ल्स डार्विन यांचे आजोबा) यांना हीच कल्पना सुचली होती. ते डॉक्टर होते, रुग्ण बघायला सतत गाडीतून फिरायचे. पेटंट त्यांनी घेतलं नाही.

पुढे फ्रान्समध्ये आमेदे बोले यांनी १८७३ च्या वाफेच्या गाडीत स्वतंत्र वळणारी चाकं वापरली. कार्ल बेंझ यांची १८८६ ची गाडी मात्र तीनचाकी होती, कारण दोन चाकं नीट वळवायचा प्रश्न त्यांना सुटला नव्हता. त्यांचं स्टिअरिंगचं पेटंट १८९३ चं.

आता तुमच्या कामाचं. माझ्या संशोधन-प्रस्तावाच्या पहिल्या खर्ड्यात मी बिनधास्त लिहिलं होतं, 'ॲकरमन यांनी शोध लावला'. मार्गदर्शकांनी समासात एवढंच विचारलं, "कशावरून?" उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले, आणि त्यातून अख्खं प्रकरण बदललं.

म्हणून तुम्हीही तीन प्रश्न वेगळे ठेवा: कल्पना कोणाला सुचली, कागदावर नाव कोणाचं लागलं, आणि ती वापरात कधी आली? पेटंट फक्त दुसऱ्याचं उत्तर देतं. बाकीची दोन शोधायला लागलात, की तुमचं संशोधन सुरू झालं असं समजा.